रोजच परगावची मॅच

नमस्कार मंडळी! क्रिकेटचा अंपायर आपल्या चांगल्या ओळखीचा आहे, त्याला आपण घरात बसून शिव्याही भरपूर घातल्यात. आज जरा अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अंपायरबद्दल बोलूया, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या, मेजर लीगमधल्या. ही नोकरी मिळते कशी आणि मिळाल्यावर काय होतं हे ऐकलंत ना, की आपला रोजचा लोकलचा प्रवासही बरा वाटायला लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे ह्या लोकांना घरचं मैदानच नसतं. टीम सीझनमध्ये १६२ मॅच खेळते, त्यातल्या निम्म्या आपल्या गावात, त्यामुळे खेळाडू निदान रात्री पोराबाळांत जाऊन झोपतो तरी. अंपायरची मात्र प्रत्येक मॅच परगावची, आज सिअ‍ॅटल तर चार दिवसांनी मायामी, बॅग कायम भरलेली, आणि असं मार्चअखेरपासून सप्टेंबर संपेपर्यंत, मध्ये काही आठवडे सुट्टी मिळते तेवढीच. चौघांचा एक क्रू असतो आणि जागा रोज फिरते, म्हणजे आज जो पहिल्या बेसवर (बेस म्हणजे बॅटरने धावत गाठायचा थांबा) उभा आहे तो उद्या प्लेटमागे, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथल्या जमिनीतल्या पाटीमागे. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्लेटमागे म्हणजे कॅचरच्या, त्यांच्या विकेटकीपरच्या, पाठीवर वाकून. मी पहिल्यांदा बेसबॉल बघितलं तेव्हा मला वाटलं हा बाबा लपलाय की काय! समोरून ताशी दीडशे किलोमीटरने बॉल येतो, अर्ध्या सेकंदाच्या आत, आणि १७ इंच रुंद प्लेटवरून गेला का, बॅटरच्या गुडघ्याखालून तर नाही ना गेला, हे तिथल्या तिथे सांगायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर एका मॅचमध्ये एलबीडब्ल्यूचं अपील दीडेकशे वेळा. वर अधूनमधून बॅटला चाटून आलेला बॉल थेट मास्कवर आदळतो, डोकं सुन्न होतं, पण उठायचं, खिशातला छोटा ब्रश काढायचा, पिचरकडे, म्हणजे त्यांच्या बोलरकडे, पाठ करून प्लेट झाडायची आणि परत वाकायचं.

आता नोकरी मिळते कशी, तर जिने चढत. सगळ्यात खालच्या लीगपासून सुरुवात, तिथे दोनच अंपायर, स्वतः गाडी चालवत गावोगाव जायचं, पगार बेताचा, थंडीत दुसरं काहीतरी काम बघायचं. मग सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. आणि वर पूर्णवेळ जागा किती? ७६. कुणी रिटायर झाला किंवा दुखापतीने बसला तरच एक रिकामी होणार, त्यामुळे सात-आठ वर्षं घासली तरी बहुतेकांची गाडी मध्येच कुठेतरी थांबते.

पॅम पोस्टेमा नावाची बाई १९७७ पासून १३ सीझन खालच्या लीगमध्ये उभी राहिली, ट्रिपल-एपर्यंत पोचली, आणि १९८९ मध्ये तिला कमी केलं. त्यानंतर मेजर लीगच्या मॅचमध्ये बाई अंपायर दिसायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला! जेन पावोल, आधी चित्रकलेची शिक्षिका, २०१६ ला खालच्या पायरीवर लागलेली. ९ ऑगस्टला अटलांटात पहिल्या बेसवर उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी प्लेटमागे. एवढा उशीर का लागला ह्याचं पटेल असं उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

बरं, वर पोचलं म्हणजे खुर्ची पक्की असंही नाही. १९९९ मध्ये युनियनने दबाव टाकायला म्हणून सामुदायिक राजीनाम्याचा डाव टाकला, तो अंगाशी आला आणि २२ जणांची नोकरी खरंच गेली. त्यात जो वेस्टही होता. हा माणूस २००२ मध्ये परत आला आणि २०२१ ला थांबला तेव्हा नावावर ५,४६० मॅच, कुठल्याही अंपायरपेक्षा जास्त. आवडता होता असं कुणी म्हणणार नाही हं.

आणि आता २०२६ पासून बॉल नक्की कुठून गेला ते मोजणारं मशीन आलंय, बॅटर, पिचर नाहीतर कॅचर डोक्यावर हात आपटून प्लेटमागच्या अंपायरच्या कॉलला चॅलेंज करू शकतो, मग बोर्डावर सगळ्या स्टेडियमसमोर दिसतं कोण चुकलं ते.

२ जून २०१० ला, डेट्रॉइटमध्ये, बेसवरचा आऊट-नॉटआऊटचा कॉल तपासून बदलायचीही सोय नव्हती. पिचर अरमांडो गलारागाने २६ बॅटर ओळीने आऊट केले होते, २७ वा केला की परफेक्ट गेम, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरचा एकही बॅटर बेसवर पोचला नाही, तोपर्यंतच्या सगळ्या इतिहासात अशा फक्त २०. तो शेवटचा बॅटर पहिल्या बेसवर स्पष्ट आऊट होता आणि तिथला अंपायर जिम जॉइसने हात पसरून सेफ, म्हणजे नॉटआऊट, दिला. मॅच संपल्यावर त्याने रिप्ले बघितला, गलारागासमोर जाऊन रडत माफी मागितली, पत्रकारांसमोरही चूक सरळ कबूल केली.

दुसऱ्या दिवशी दुपारीच परत मॅच. पहिल्या बेसवाला आता प्लेटमागे, रोटेशनच तसं. सुट्टी घे म्हणाले, ह्याने घेतली नाही. टीमची यादी प्लेटपाशी आणून द्यायचं काम एरवी मॅनेजर नाहीतर कोचचं, त्या दिवशी ती घेऊन गलारागा आला. जॉइसने यादी घेतली, डोळे पुसले, त्याच्या खांद्यावर थाप मारली, आणि कॅचरच्या मागे जाऊन वाकला.