नावांची यादी

(पडद्यावर: जुन्या वर्तमानपत्राचं पान. कॅमेरा एकेका नावावरून सावकाश सरकतो.)

ऑगस्ट १९५५. मिसिसिपी राज्यातलं याझू सिटी. इथल्या ५३ कृष्णवर्णीयांनी एका अर्जावर सह्या केल्या. मागणी एकच होती, की गोऱ्यांच्या शाळांत आमच्या मुलांनाही घ्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सव्वा वर्षापूर्वीच वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. म्हणजे हे लोक कायद्याने दिलेलंच मागत होते.

मग गावच्या वर्तमानपत्रात पानभर जाहिरात आली. त्यात सह्या करणाऱ्यांची नावं होती. शिवीगाळ करायची गरजच नव्हती, नावं पुरेशी होती. प्लंबरला कामं मिळेनात. किराणावाल्याला घाऊक व्यापारी माल देईना. कुणाची नोकरी गेली. एकेक जण जाऊन अर्जावरचं आपलं नाव काढून घेऊ लागला, आणि शेवटी त्या अर्जावर जवळजवळ कुणीच उरलं नाही.

जाहिरात दिली होती सिटिझन्स कौन्सिलने. ही गोऱ्यांची संघटना. १९५४ च्या जुलैत, शाळांच्या निकालानंतर दोनच महिन्यांनी, मिसिसिपीतच इंडियानोला गावात ती सुरू झाली. बँकवाले, वकील, मळेवाले, अशी गावातली प्रतिष्ठित माणसं तिच्यात होती. कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या हिंसक गुप्त संघटनेसारखा चेहरा झाकायची त्यांना गरज वाटत नव्हती.

(पडद्यावर: न्यूयॉर्कचा रस्ता, १९१० च्या सुमाराचा.)

एक प्रश्न अमेरिकेत अनेक वर्षं विचारला जातो. काळ्यांनी आपली संघटना काढली तर ती हक्कांची लढाई, आणि गोऱ्यांनी काढली की लगेच वंशद्वेष. हा दुटप्पीपणा नाही का? असं विचारणारा प्रत्येक माणूस खोट्या मनाने विचारतो, असं मी मानत नाही. म्हणून त्याला दटावून गप्प करणं मला पटत नाही.

ज्या संघटनेकडे बोट दाखवून हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला गेला, ती म्हणजे एनएएसीपी, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी अमेरिकेतली संघटना. स्थापना १९०९. आदल्या वर्षी इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला, म्हणजे अब्राहम लिंकन यांच्या गावात, गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची वस्ती जाळली होती. त्यातून ही संघटना उभी राहिली. तिच्या स्थापनेत अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस आणि पत्रकार आयडा बी. वेल्स हे कृष्णवर्णीय होते, तसे गोरेही होते. पहिले अध्यक्ष मूरफील्ड स्टोरी हे गोरे वकील. आपल्याकडे बाबासाहेबांनी १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिचे अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड. ‘जात मोडायची म्हणता, मग जातीवर संघटना कशाला?’ हा सवाल इथेही ऐकू येतोच. पण ज्याला ज्या नावाने वेशीबाहेर ठेवलं, तो त्याच नावाने एकत्र येणार. दुसरं कुठलं नाव त्याच्यासाठी ठेवलंच होतं कुठे?

(पडद्यावर: अलाबामा, मॉन्टगोमेरी. न्यायालयाची इमारत.)

१९५६. अलाबामा सरकारने एनएएसीपीकडे राज्यातल्या सगळ्या सभासदांची नावं मागितली. संघटनेने बाकीची कागदपत्रं द्यायची तयारी दाखवली. पदाधिकाऱ्यांची नावंही दिली. पण साध्या सभासदांची नावं द्यायला तिने नकार दिला. दंड झाला एक लाख डॉलर. याझू सिटीत यादीने काय केलं होतं, ते अजून ताजं होतं.

३० जून १९५८ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की यादी द्यायची नाही. नावं उघड झाली तर माणसं संघटनेत यायलाच घाबरतील, आणि एकत्र येण्याचा हक्क कागदावर राहील. निकाल लागूनही अलाबामात पुन्हा काम सुरू करायला संघटनेला १९६४ उजाडलं.

आता दुटप्पीपणाच्या प्रश्नाला खरी धार येते. तीस वर्षं आधी, १९२८ मध्ये, याच न्यायालयाने न्यूयॉर्कचा एक कायदा वैध ठरवला होता. त्या कायद्याने कू क्लक्स क्लानला सभासदांची यादी देणं भाग होतं. क्लानने यादी द्यायची आणि एनएएसीपीने द्यायची नाही, हे कसं? १९५८ च्या निकालपत्रात न्यायालयाने याला उत्तर दिलं. क्लानचा इतिहास धाकदपटशाचा आणि हिंसेचा होता, आणि तिने सरकारला काहीच माहिती दिली नव्हती. इकडे मात्र सभासदांनाच नोकरी जाण्याची आणि शारीरिक जबरदस्तीची भीती होती. मला हा फरक पटतो. पण तो दर वेळी पुराव्यानिशी दाखवावा लागतो. रंग बघून ठरवता येत नाही.

(पडद्यावर: टेक्सास. विडॉर गावाचा फलक.)

१९९३. विडॉरमधल्या सरकारी वसाहतीत फक्त गोरे राहत होते. न्यायालयाच्या आदेशाने तिथे कृष्णवर्णीय राहायला आले, आणि त्यांना धमक्या सुरू झाल्या. चौकशीसाठी राज्याने टेक्सासमधल्या क्लानच्या प्रमुखाकडे सभासदांची यादी मागितली. त्याच्या बाजूने उभा राहिला अँथनी ग्रिफिन. गॅल्व्हेस्टनचा वकील, स्वतः कृष्णवर्णीय, आणि एनएएसीपीचा टेक्सासमधला कायदेविषयक सल्लागार.

ग्रिफिनचं म्हणणं सरळ होतं. १९५८ मध्ये आपल्याला ज्या तत्त्वाने वाचवलं, ते आज क्लानला नाकारलं तर उद्या आपल्यासाठीही उरणार नाही. एनएएसीपीने त्याला पदावरून दूर केलं. संघटनेचा राग मला समजतो. ज्यांना घर सोडून पळावं लागलं, त्यांना हे तत्त्व कुठल्या तोंडाने समजावणार? तरीही मी ग्रिफिनच्या बाजूने आहे. आपला शत्रू समोर असताना तोच नियम पाळायला जे काळीज लागतं, ते त्याने दाखवलं.

जून १९९४ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ च्याच निकालाचा आधार घेतला, आणि यादी द्यावी लागली नाही.

त्याआधी, जानेवारीत, विडॉरच्या वसाहतीत कृष्णवर्णीय कुटुंबं पुन्हा राहायला आली होती. या वेळी पहाऱ्यात.