कर्नाटकातील इंग्रज-फ्रेंच युद्ध आणि फौजेचा पगार

सभ्य श्रोतेहो,

अठराव्या शतकात इंग्रज आणि फ्रेंच जगाच्या अनेक कोपऱ्यांत एकमेकांशी लढले. आज मी त्यांपैकी एकाच युद्धाविषयी बोलणार आहे, आणि त्यातही मुख्यतः १७४९ ते १७५४ या वर्षांविषयी. शाळेत आपण 'कर्नाटक युद्धे' या नावाखाली ते शिकतो. तिथे पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले आणि इंग्रज कंपनीचा अधिकारी क्लाइव्ह ही दोन नावे पाठ होतात, अर्काटचा वेढा पाठ होतो, आणि हे सारे दोन परक्या कंपन्यांचे दूरदेशीचे भांडण होते असा समज मनात पक्का बसतो. हा समज मला चुकीचा वाटतो. या युद्धातल्या प्रत्येक मोठ्या वळणावर कोणी ना कोणी मराठा सरदार किंवा राजा उभा आहे. शिवाय ते युद्ध ज्या एका प्रश्नाभोवती फिरले, तो प्रश्न आपल्या इतिहासालाही पुढे फार जवळून भिडला. फौजेचा पगार कोणत्या मुलखातून निघणार, हा तो प्रश्न.

आधी एक खुलासा. त्या काळच्या कागदांत 'कर्नाटक' म्हणजे आजचे कर्नाटक राज्य नव्हे. पूर्व घाटाच्या खालचा, अर्काटच्या नबाबाच्या अमलातला तमिळ मुलूख, ज्याला कर्नाटक पायीनघाट म्हणत, तो इथे अभिप्रेत आहे. नबाब हा हैदराबादच्या निजामाचा मांडलिक, आणि निजाम नावापुरता दिल्लीच्या बादशहाचा. किनाऱ्यावर मद्रास इंग्रजांचे, पाँडिचेरी फ्रेंचांची, आणि खाली कावेरीच्या खोऱ्यात तंजावरला व्यंकोजीराजांच्या वंशातले भोसले राज्य करीत होते.

गोष्टीची सुरुवात फ्रेंचांपासून होत नाही, ती साताऱ्यापासून होते. शाहू छत्रपतींच्या आज्ञेने रघूजी भोसले आणि फत्तेसिंह भोसले १७४० मध्ये कर्नाटकात उतरले. दामलचेरीच्या खिंडीत नबाब दोस्तअली मारला गेला आणि पुढल्या वर्षी, १७४१ च्या मार्चमध्ये, त्रिचनापल्ली पडली. तिथला चंदासाहेब, म्हणजे दोस्तअलीचा जावई, कैद होऊन साताऱ्यास आला. किल्ल्यावर मुरारराव घोरपडे यांची नेमणूक झाली. संताजी घोरपड्यांच्या घराण्यातला हा पुरुष. पुढे गुत्तीकर म्हणून ओळखला गेलेला. १७४३ मध्ये खुद्द निजामउल्मुल्क प्रचंड फौज घेऊन आला तेव्हा त्रिचनापल्ली मराठ्यांच्या हातून गेली, पण मुराररावाची नजर त्या किल्ल्यावरून शेवटपर्यंत हटली नाही. चंदासाहेबाचे कुटुंब मात्र पाँडिचेरीत सुरक्षित होते. फ्रेंच गव्हर्नर द्युमा याने त्यांना रघूजींच्या हवाली करण्यास नकार दिला होता. सात वर्षांच्या कैदेनंतर १७४८ मध्ये चंदासाहेब सुटला तेव्हा तो कोणाकडे वळणार, हे त्या नकारातच ठरून गेले होते.

दरम्यान युरोपात पेटलेल्या युद्धाची झळ किनाऱ्याला लागली. १७४६ च्या सप्टेंबरमध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले. नबाब अन्वरुद्दीनाने ते आपल्या ताब्यात मागितले आणि मुलाला फौज देऊन पाठवले. अड्यार नदीच्या काठी पॅरादी नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या जेमतेम हजारभर फ्रेंच व देशी शिपायांनी सुमारे दहा हजारांची नबाबी फौज उधळली. ओळीत उभे राहून, हुकमाबरोबर एकदम झाडलेल्या बंदुका, इतकेच त्यांचे गुपित होते. १७४८ च्या तहाने मद्रास इंग्रजांना परत मिळाले आणि त्याच्या बदल्यात अमेरिकेतला लुईबर्गचा किल्ला फ्रेंचांना मिळाला. युरोपात शांतता झाली, परंतु दोन्ही कंपन्यांच्या पदरी कवायती शिपाई होते आणि त्यांना पोसण्यास व्यापाराचा नफा पुरत नव्हता. माझ्या मते पुढचे सगळे या एका अडचणीतून निघाले.

अशा वेळी निजामउल्मुल्क वारला. १७४८ सालीच. गादीसाठी मुलगा नासिरजंग आणि मुलीचा मुलगा मुजफ्फरजंग भांडू लागले, आणि अर्काटच्या नबाबीसाठी चंदासाहेब पुढे सरसावला. डुप्लेने मुजफ्फरजंग व चंदासाहेब यांना शिपाई दिले. १७४९ च्या ऑगस्टमध्ये अंबूरच्या लढाईत अन्वरुद्दीन मारला गेला आणि त्याचा मुलगा महंमद अली त्रिचनापल्लीत जाऊन बसला. डुप्लेच्या कल्पकतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यात एक सुधारणा सुचवायची आहे. गादीचा वाद विकत घेऊन मुलूख मिळवण्याचा प्रयोग त्याच वर्षी, अंबूरच्या दोन महिने आधी, इंग्रजांनीही करून पाहिला होता, आणि तो मराठ्यांच्या राज्यात. तंजावरचा पदच्युत राजा शाहजी याला गादीवर बसवण्याचे निमित्त करून त्यांनी प्रतापसिंह राजांविरुद्ध फौज पाठवली, कोलेरून नदीच्या मुखाजवळचा देवीकोट्टा किल्ला घेतला, आणि तो हाती येताच शाहजीचा पक्ष सोडून प्रतापसिंहांशी तह केला. शाहजीला नेमणूक मिळाली, किल्ला आणि भोवतालचा मुलूख कंपनीला मिळाला. क्लाइव्ह या मोहिमेत लेफ्टनंट होता.

प्रतापसिंह राजांचा मला विशेष आदर वाटतो, कारण या सगळ्या धुमाळीत पैशाचे मोल त्यांच्याइतके कोणी ओळखले नाही. १७४९ च्या अखेरीस चंदासाहेब व फ्रेंच त्रिचनापल्लीवर जाण्याऐवजी आधी खजिना मिळवण्यासाठी तंजावरपुढे येऊन बसले. राजांनी बोलणी लांबवली, मोठ्या रकमेचा रोखा लिहून दिला, आणि वसुली सुरू झाल्यावर सोन्या-रुप्याची भांडी, चलनातून गेलेली नाणी, जडजवाहीर असे थोडेथोडे बाहेर काढत मोजदादीतच दिवस घालवले. इतक्यात नासिरजंगाची फौज जवळ आल्याची बातमी पोहोचली आणि वेढा उठला. या गेलेल्या दिवसांनी त्रिचनापल्ली वाचली, आणि त्रिचनापल्ली वाचल्यामुळे महंमद अली व त्याच्यामागे इंग्रज वाचले.

१७५० च्या डिसेंबरमध्ये जिंजीजवळच्या छावणीत नासिरजंग आपल्याच पठाण सरदाराच्या हातून मेला. मुजफ्फरजंग निजाम झाला आणि दोनच महिन्यांत तोही मारला गेला. फ्रेंच सेनानी बुसीने तिथल्या तिथे सलाबतजंगाला मसनदीवर बसवले आणि त्याच्याबरोबर औरंगाबादची वाट धरली. आता दख्खनचा निजाम फ्रेंचांचा, अर्काटचा नबाब फ्रेंचांचा, आणि महंमद अलीकडे उरला एक वेढलेला किल्ला.

अर्काटचा प्रसिद्ध वेढा इथे येतो. १७५१ च्या ऑगस्टअखेर क्लाइव्ह २०० गोरे व ३०० देशी शिपाई घेऊन निघाला आणि राजधानी अर्काट त्याला न लढता मिळाली. चंदासाहेबाचा मुलगा रझासाहेब याने ती पुन्हा घेण्यासाठी सुमारे पन्नास दिवस वेढा घातला. या काळात मुरारराव घोरपडे सहा हजार घोडदळ घेऊन थोड्याच अंतरावर अंबूरजवळ स्वस्थ बसले होते. म्हैसूरचा सर्वाधिकारी नंजराज याने त्यांना महंमद अलीच्या मदतीसाठी पैसे देऊन आणले होते, पण बाजू पडती दिसत असताना आपली घोडी झिजवण्याची त्यांना घाई नव्हती. क्लाइव्ह टिकतो आहे असे पाहून त्यांनी मदतीला येण्याची तयारी कळवली, आणि ती बातमी कानी पडताच रझासाहेबाने नोव्हेंबरच्या मध्यावर निकराचा हल्ला केला. तो फसला व वेढा उठला. पुढच्या महिन्यात अर्णीच्या लढाईत क्लाइव्हच्या बाजूला मराठ्यांचे हजारएक स्वार होते. क्लाइव्हच्या धैर्याविषयी मला शंका नाही, परंतु तो वेढा उठवण्यात मराठ्यांच्या नुसत्या हालचालीचाही हात होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

आता श्रीरंगम. मला विचाराल तर या युद्धाचा निकाल इथे लागला. १७५२ च्या उन्हाळ्यात त्रिचनापल्लीपुढचा फ्रेंच अधिकारी लॉ घाबरून कावेरी ओलांडून श्रीरंगमच्या बेटावर गेला, आणि चंदासाहेब त्याच्यामागोमाग. एका बाजूला कावेरी, दुसऱ्या बाजूला कोलेरून, मधल्या मंदिरांच्या तटांआड अडकलेली फौज, आणि भोवती इंग्रज, म्हैसूरकर, तंजावरकर व मुरारराव. दाणागोटा संपत आला आणि पगार थकले. तेव्हा चंदासाहेबाचे शिपाई शत्रूकडून अभयाची चिठ्ठी घेऊन तुकडीतुकडीने निघून जाऊ लागले; काही तर समोरच्याच छावणीत नोकरीस राहिले. त्यांना बेइमान म्हणणे सोपे आहे. ज्या शिपायाचे घर महिन्याच्या पगारावर चालते आणि ज्याला गादी कोणाची याच्याशी काही कर्तव्य नाही, त्याच्याकडून आपण कोणत्या इमानाची अपेक्षा करतो, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो.

एकटा पडलेला चंदासाहेब तंजावरचा सेनापती मानाजी याच्या वचनावर विसंबून त्याच्या छावणीत आला. लगेच महंमद अली, म्हैसूरकर, मुरारराव आणि इंग्रज सेनापती लॉरेन्स असे चौघेही त्याला मागू लागले, कारण ज्याच्या हाती चंदासाहेब, त्याच्या हाती नबाबीचा एक हक्कदार, म्हणजेच पुढच्या सौद्याचे भांडवल. मानाजीने हा वाद त्याचा शिरच्छेद करून मिटवला. साताऱ्याच्या कैदेतून सुटलेला माणूस चार वर्षांनी पुन्हा मराठ्यांच्याच हाती पडून संपला. लॉनेही त्याच जूनमध्ये शरणागती पत्करली.

विजयानंतर भांडण आलेच. मदतीच्या बदल्यात महंमद अलीने नंजराजाला त्रिचनापल्ली कबूल केली होती, ती त्याने दिली नाही. १७५३ पासून म्हैसूरकर आणि मुरारराव दोघेही डुप्लेकडे गेले आणि त्याच किल्ल्यापुढे आणखी दीडेक वर्ष रक्त सांडले. अखेर तंजावरकडून रक्कम घेऊन १७५४ मध्ये मुरारराव परतले. फ्रेंच कंपनीचाही धीर त्याच वर्षी सुटला आणि डुप्लेला परत बोलावले गेले. महंमद अली इंग्रजांना रोख देऊ शकत नव्हता, म्हणून तो मुलखाचा वसूल लावून देत असे. लढाई जिंकणाऱ्या नबाबाचा मुलूख गहाण पडत चालला होता, आणि सावकार त्याच्याच दरबारात सल्लागार म्हणून बसला होता.

हाच प्रकार बुसीने दख्खनेत केला, आणि तो पुण्याच्या दाराशी. १७५१ च्या अखेरीस सलाबतजंगाला घेऊन तो नानासाहेब पेशव्यांवर चालून आला. चंद्रग्रहणाच्या रात्री कुकडीकाठी पेशव्यांच्या छावणीवर छापा पडला, तळेगाव ढमढेरे जळाले, कोरेगावपर्यंत लढाया झाल्या. पण निजामाच्या स्वतःच्या फौजेचा पगार थकलेला होता. जानेवारीत तहाची बोलणी झाली, आणि काही महिन्यांत निजामाचा दिवाण राजा रघुनाथदास याला थकबाकीसाठी चिडलेल्या शिपायांनी ठार केले. बुसीने यावरून आपला धडा घेतला. १७५३ मध्ये त्याने आपल्या पलटणींच्या पगारासाठी उत्तरेकडील सरकार, म्हणजे मुस्तफानगर, एलोर, राजमहेंद्री व चिकाकोल हे चार समृद्ध जिल्हे निजामाकडून लावून घेतले. आपल्याकडील 'गारदी' हा शब्द फ्रेंच 'गार्द'वरून आला असे मानतात, आणि इब्राहिमखान गारदी हा बुसीच्याच तालमीत तयार झालेला. पेशव्यांनी त्याची पलटण आपल्या नोकरीत घेतली. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला तिने निजामाला नमवले. मात्र पलटणीच्या पगारासाठी तोडून दिलेला, ठरलेला वसूल देणारा मुलूख हा जो बुसीच्या व्यवस्थेचा पाया होता, तो पुण्याने तिच्याबरोबर उचलला नाही.

शेवटच्या टप्प्याविषयी थोडक्यात सांगतो. १७५८ मध्ये आलेला फ्रेंच सेनापती लाली शूर होता, पण पैशावाचून हतबल होता. चंदासाहेबाला लिहून दिलेला तो जुना, ५६ लाखांचा रोखा घेऊन तो तंजावरवर गेला. प्रतापसिंह राजांनी पुन्हा बोलण्यांत दिवस काढले आणि किनाऱ्यावर इंग्रजी आरमार दिसताच त्याला माघार घ्यावी लागली. त्याने बुसीला दख्खनेतून बोलावले आणि पाठोपाठ उत्तरेकडील सरकार हातचे गेले. १७५९ च्या ऑक्टोबरमध्ये वांदिवाशला खुद्द गोऱ्या फ्रेंच शिपायांनी थकलेल्या पगारासाठी बंड केले. इंग्रजांच्या मद्रासला मात्र तोवर बंगालचा पैसा मिळू लागला होता आणि समुद्रही त्यांचा होता. १७६० च्या जानेवारीत त्याच वांदिवाशला आयर कूटने लालीचा पराभव केला. फ्रेंच छावणीत मुराररावांचे भाड्याचे स्वार हजर होते. ते इंग्रजी तोफांच्या माऱ्यापासून दूर राहिले. पुढल्या जानेवारीत, पानिपतानंतर अवघ्या एक-दोन दिवसांत, पाँडिचेरी शरण आली. डुप्लेचा दुभाषी आनंद रंग पिळ्ळै, ज्याची तमिळ रोजनिशी या काळाची सर्वांत जिवंत साक्ष आहे, तो त्याआधी काहीच दिवस वारला होता.

मुराररावांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. त्रिचनापल्लीपुढल्या म्हैसूरच्या छावणीत एक तरुण अधिकारी होता. इंग्रज-फ्रेंचांची लढण्याची रीत त्याने तिथे जवळून पाहिली, आणि फ्रेंच माणसे हाताशी धरून कवायती फौज व तोफखाना उभा केला. त्याचे नाव हैदरअली. १७७६ मध्ये त्याने गुत्तीला वेढा घातला. किल्ल्यावरचे पाणी संपले तेव्हा मुरारराव शरण आले. हैदरने त्यांना कब्बलदुर्गाच्या डोंगरी तुरुंगात ठेवले, आणि तिथेच त्यांचा अंत झाला.