कूलरच्या समोरची खिडकी

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या उन्हाळी सहलीत केलेलं भाषण. वेबसाइटसाठी थोडं नीट केलं आहे, बाकी बोलली तसंच ठेवलं आहे.)

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही गावी जाऊन आलो, दर्यापूरकडे, माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नाला. तेव्हापासून एक वाक्य माझ्या डोक्यातून जाऊन नाही राहिलं, तेच सांगायला आज उभी झाली आहे.

हळदीचा दिवस होता. दुपारची पंगत बसली होती, सपरीत आणि आतल्या मोठ्या खोलीत, मांडीला मांडी लावून सगळे. वांग्याची भाजी, वरण, रोडगे, तुपाची वाटी फिरून राहिली होती. आणि आम्ही तिघं बाहेर, कडुनिंबाखाली, बाजेवर ताटं ठेवून बसलो होतो. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, इथेच जन्मली, तुम्ही सगळे ओळखता तिला. तिनं आतल्या पंगतीकडे पाहिलं, मग आमच्या तीन ताटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, आपली पंगत वेगळी का आहे?"

तिला काय माहीत. पण गावाकडे वेगळी पंगत म्हटलं की काय आठवते ते तुम्हाला सांगायची गरज नाही. माझी आजी सांगायची की तिच्या लहानपणी कोणाला अंगणाच्या बाहेर बसवायचे, कोणाच्या पत्रावळीत वरून टाकायचे. त्याच मुलखात तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना गावोगावी नेली, सगळे एका सतरंजीवर, कोणी वर नाही कोणी खाली नाही, आम्ही लहानपणी रोज संध्याकाळी बसायचो. मला कळते की आजीच्या काळातला तो अन्याय होता आणि आमची ही कोविडची खबरदारी आहे, दोन्ही एक नाही. आम्हाला कोणी बाहेर बसवलं नव्हतं, आम्हीच जाऊन बसलो होतो. पण दहा वर्षांच्या पोरीला बाजेवरून जे दिसलं ते तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

नवीन आलेल्या लोकांसाठी थोडं सांगते. २०१८ मध्ये ह्यांना किडनी बसवली. दिली ती ह्यांच्या मोठ्या बहिणीनं, म्हणजे जिच्या मुलीचं हे लग्न होतं तिनंच. शरीरानं ती किडनी परकी समजून टाकून देऊ नये म्हणून रोज दोन वेळा गोळ्या आहेत, टॅक्रोलिमस आणि सोबतच्या, आणि त्या प्रतिकारशक्ती दाबूनच ठेवतात, जन्मभर. त्यामुळे लस घेतली तरी अशा पेशंटच्या अंगी ती तुमच्या-माझ्याइतकी लागत नाही. कोविड झालाच तर त्यावरचं औषध पॅक्सलोव्हिडसुद्धा सरळ देता येत नाही, कारण त्यातलं रिटोनाविर टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी एकदम चढवते. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी उठवली, तेव्हा कोविड संपला असं त्यांनीही म्हटलं नव्हतं, पण आपल्या ग्रुपवर दुसऱ्याच दिवशी मास्क कचऱ्यात टाकतानाचे फोटो फिरले. त्या दिवशी आमच्या घरात कोणीच काही बोललं नाही. आणि आम्ही एकटेच नाही आहोत. आपल्यातलीच एक ताई २०२२ मध्ये कोविड झाल्यापासून अजून उठलेली नाही, एक दिवस जास्त काम झालं की तीन दिवस अंथरुणात, लाँग कोविड म्हणतात तो हाच. एका दादांची कीमो सुरू आहे. हे लोक मंडळात दिसत नाहीत तेव्हा आपल्याला वाटते की त्यांना यायचंच नाही.

जायच्या आधी आमच्या घरी भांडण झालं, मोठं झालं. मी म्हटलं नका जाऊ, सहाशे माणूस, बंद कार्यालय. हे म्हणाले, "जिनं पोटातून काढून देल्ली, तिच्या पोरीच्या लग्नाले मी मोबाइलवर अक्षता टाकू काय?" मी गप्पच झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे बाबा गेले तेव्हा मी मोबाइलवरच पाहिलं होतं. आमच्याकडे तर कोविडची ती दुसरी लाट आधीच आली होती, फेब्रुवारीतच अमरावती आणि अचलपूर बंद झालं होतं, तुमच्यापैकी अमरावतीवाल्यांना आठवतच असेल. स्मशानात पीपीई किट घातलेली चार माणसं होती आणि त्यातला माझा भाऊ कोणता हे मला शेवटपर्यंत ओळखू आलं नाही. म्हणून मग गेलो. पूर्ण प्रवासभर एन-९५ लावून, आणि गावात ४५ डिग्रीत मास्कच्या आतून घाम हनुवटीवर गळत होता तरी लावूनच.

मला भीती होती की लोक हसतील. कोणी हसलं नाही. आमचा खारपाण पट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं, तिथे किडनीचा पेशंट म्हटलं की काही समजावून सांगावं लागत नाही, प्रत्येक गावात कोणी ना कोणी डायलिसिसला जाणारं माहीत असते. एक म्हातारी ह्यांच्याशी बोलायला जवळ आली, मी हळूच म्हटलं किडनी बदलवली आहे, तर ती दोन पावलं मागे सरकली, पदर नाकावरून घेतला आणि तिथून अर्धा तास बोलत बसली, कापूस, सोयाबीन, लेकी, जावई, सगळं. मला त्या बाईचं नावही माहीत नाही. इथे मी सहा वर्षांत किती जणांना हेच सांगितलं आणि किती वेळा ऐकलं, "अजून मास्क? आता कोण घालते?"

आता कूलरचं सांगते. हळदीच्या आधी एका खोलीत वीस-पंचवीस बाया, आणि कोणीतरी कूलर उचलून खोलीच्या आतच आणून ठेवला होता, ऊन येते म्हणून खिडकी बंद. मी दारात उभी, पर्समध्ये तो कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर. बाहेर मोकळ्या हवेत तो दहा लाख भागांत ४२०-४३० च्या जवळपास दाखवते, खोलीत १९०० च्या वर गेला होता. आपण सोडलेला श्वास खोलीत किती साचला ते त्यावरून कळते, आणि कोविड त्याच श्वासातल्या बारीक कणांवर बसून हवेत तरंगत राहते, चुलीचा धूर राहते तसा. जुन्या घरात कवेलूंच्या फटीतून धूर निघून जायचा, आता सगळीकडे स्लॅब. मी काही बोलणार इतक्यात नणंदेची सासू आली, पंच्याऐंशीच्या घरातली बाई, आणि ओरडली, "कूलर आत कोनं आनला व? तो खिडकीत लावा अन् समोरचं दार खोला. कोंडल्या हवेत कूलर लावता अन् मंग म्हनता चिपचिप होते!" पोरांनी कूलर खिडकीत बसवला, समोरचं दार उघडलं, पंधरा-वीस मिनिटांत मीटर सातशेच्या खाली. त्या आजीला व्हेंटिलेशन हा शब्द माहीत नाही. पण वऱ्हाडातल्या लहान पोरालाही माहीत आहे की कूलर बाहेरची हवा आत घेते आणि त्या हवेला निघायला समोर वाट लागते. आपण तिथूनच आलो ना सगळे? मग इथल्या हॉलमध्ये दीडशे माणूस कोंबून सगळ्या खिडक्या बंद ठेवून बसतो तेव्हा आपलं ते शहाणपण कुठे जाते?

कोविड सांभाळून भेटणाऱ्या आमच्या लहान ग्रुपबद्दल काही जणांनी विचारलं होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात दोन घरांनी सुरुवात केली, आमच्या ड्राइव्हवेत, आपापल्या खुर्च्या आणि आपापला चहा आणून. आज सात घरं आहेत, त्यातलं एक तेलुगू. बाहेर भेटतो, खाणं बाहेरच. घसा खवखवला तरी त्या दिवशी यायचं नाही आणि न येणाऱ्याला कोणी कारण विचारायचं नाही. थंडीत आत बसलो तर सगळ्यांना एन-९५ आणि खोलीच्या मधोमध हवा गाळणारा तो डबा, कोर्सी आणि रोझेन्थाल ह्या दोघांच्या नावाचा, २०२० मध्ये निघालेला, चारही बाजूंनी बारीक कण अडवणारे मर्व्ह-१३ फिल्टर, खाली पुठ्ठा, वर पंखा, टेपनं चिकटवलेला. ह्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाले, "हा तं आपला कूलर होय, फक्त वाळा अन् पाणी नाही." आमच्या पोरांनी पाच डबे बनवले, एक त्या कीमोवाल्या दादांकडे दिला. कोजागिरीला अंगणात गॅसच्या शेगडीवर दूध आटवतो, जॅकेट घालून. मागच्या वर्षी भुलाबाई मांडली, पोरींनी मास्क लावून गाणी म्हटली आणि खिरापतीचा डबा वाजवून वाजवून ओळखायला लावला, एक तास कोणालाच ओळखता आली नाही, मुरमुऱ्याचा चिवडा होता. माझी मुलगी त्या रात्री जितकी हसली तितकी ती वर्षभरात हसली नसेल.

पण सगळं गोड आहे असं नाही. आमच्यातच आता चौकशी सुरू होते, तुम्ही हॉटेलात आत बसून जेवले काय, पोराला फुटबॉलला टाकलं म्हणे, मास्क न लावता? मागच्या हिवाळ्यात एक घर असंच तुटलं. पोरगा चौदा वर्षांचा, त्याला टीममध्ये खेळायचं होतं, त्याच्या आईनं होकार दिला आणि पुढच्या दोन भेटींचा मेसेज तिला गेला नाही. पाठवायचं काम माझ्याकडे होतं. मी विसरली नव्हती, मुद्दाम नव्हता पाठवला, ह्यांच्या तब्येतीची भीती वाटली म्हणून. ती बाई आज इथे आली आहे, मागे त्या टेबलाशी आहे. तिला मी घरी जाऊन बोलली आहे, पण चौघांसमोरही म्हणायचं होतं. माझं चुकलं, ताई.

आणि मंडळालाही म्हणते, रागावू नका. दिवाळीच्या कार्यक्रमात खोकत खोकत आलेले लोक ॲलर्जी आहे म्हणून सांगतात आणि सगळ्यांच्या गळ्यात पडतात. सर्दी असली तर घरी बसा ना बाप्पा, पुढच्या वर्षीही दिवाळी येणार आहे. मराठी शाळेची ऑनलाइन लिंक दोन वर्षं छान चालली, मग एक दिवस न सांगता बंद झाली, ती लावणाऱ्याला दहा मिनिटं लागायची. त्या दहा मिनिटांवर तीन पोरांचं मराठी चाललं होतं. माझ्या पोरीचं मराठी मीच घेते, पण बाकी दोघांनी सोडलं.

अंगणातल्या पंगतीचं राहिलंच. मुलीनं विचारलं ते माझ्या नणंदेनं ऐकलं होतं, ती सपरीच्या कोपऱ्यातच वाढून राहिली होती. तिनं आपलं ताट उचललं, बाहेर आली, बाजेजवळ जमिनीवर बसली आणि भाचीला म्हणाली, "वेगळी कुठं हाय व माय, पंगत जराशी सरकली." मग तिची जाऊ आली, मग दोन भाच्या आल्या. संध्याकाळच्या जेवणाला पोरांनी सतरंज्याच अंगणात टाकल्या, कोणी ठरवलं नाही, कोणी भाषण केलं नाही. वर निंबाचा पाला, दिव्याभोवती किडे, ताटात पडून राहिले होते. हे त्या रात्री मास्क काढून, कडेला का होईना, सगळ्यांसोबत जेवले. किती वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी लग्न मात्र तालुक्याच्या कार्यालयात लागलं, एसी, सगळी दारं बंद. आम्ही मागच्या दारातून अक्षता टाकल्या, नवरी निघताना स्वतः मागच्या दारी आली, मामाच्या पाया पडली. फोटोत आम्ही कुठेच नाही. गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, "आज पंगत सरकली नाही." मी खिडकीबाहेर पाहत राहिली.

आज आपण सगळे झाडाखाली आहोत म्हणून आम्ही सातही घरं आली. ग्रिलवर रोडगे भाजून राहिले आहेत, वास येते आहे. पण ऑक्टोबर लागला की फर्नेस सुरू होईल, कार्यक्रम हॉलमध्ये जाईल आणि आम्ही मे महिन्यापर्यंत पुन्हा गायब. मागच्या आठवड्यात मी आणि हे हॉल बघायला गेलो होतो. मागच्या भिंतीला चार खिडक्या आहेत, दाराच्या बरोबर समोर, पण कोणीतरी रंगाच्या वेळी उघडल्याच नाहीत, रंगानं चिकटून बसल्या आहेत. हॉलवाल्यांना विचारून ह्यांनी पटाशी घेतली, कडेकडेनं रंग कापला. दोन उघडल्या. दोन काही हलल्या नाहीत, चौकटच फुगली आहे बहुतेक. कोणाला सुतारकाम येत असेल तर जेवणानंतर मला भेटा.