स्लीव्ह कुठं थांबवायची?

स्लीव्ह म्हणजे हाताला बाहीसारखा वेढणारा मोठा टॅटू, पण आज मी त्याच्या डिझाइनवर फारसं बोलणार नाही. कारण डिझाइन सगळ्यांचं ठरलेलं असतं, महादेव, वाघ, फुलं, मोबाईलमध्ये फोटो तयार असतात, पण ते हातावर कुठं संपणार हे कुणी ठरवलेलंच नसतं आणि माझ्या मते आधी तेच ठरवायला हवं.

प्रकार पटकन सांगतो. क्वार्टर म्हणजे खांद्यापासून दंडाच्या मध्यापर्यंत, हाफ म्हणजे कोपरापर्यंत, थ्री-फोर्थ कोपर ओलांडून थोडी खाली, फुल म्हणजे मनगटापर्यंत. कोपर ते मनगट एवढंच केलं तरी त्यालाही लोक हाफच म्हणतात, म्हणून आर्टिस्टला नुसतं हाफ म्हणू नका, हातावर बोट ठेवून दाखवा.

आता आपल्या नाशिकचं बघा. नाशिकरोडला लष्कराचं आर्टिलरी सेंटर, म्हणजे तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, त्यामुळे भरतीची तयारी करणारी पोरं इथं खूप, आणि त्यांना मी कळकळीनं सांगतो, आर्मीत कायमचा टॅटू चालतो तो फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला. आदिवासी समाजाला परंपरेच्या गोंदणासाठी सूट आहे, बाकीच्यांचा दंडावर टॅटू असला की अडचण. म्हणजे क्वार्टर छोटी आहे, शर्टाखाली झाकते, चालून जाईल असं अजिबात नाही, मेडिकलला शर्ट काढावाच लागतो ना. भरतीचं पूर्ण मिटेपर्यंत थांबा रे, स्लीव्ह कुठं पळून जात नाही.

सातपूर-अंबडला कंपनीत जाणाऱ्यांचा प्रश्न हाफ शर्टाचा. उभं राहिल्यावर बाही दंड झाकते, पण हात वर केला, मशीनवर वाकलात, गाडीचं हँडल धरलं की ती चांगली वर सरकते आणि झाकलेली कड बाहेर येते. म्हणून रोजचा शर्ट घाला, हात वर करा, बाही जिथं येते तिथं पेनानं खूण करा आणि टॅटू त्याच्या वर संपवा. फुल स्लीव्हवाल्यांनी मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं आधी थांबावं, कफ सरकला तरी मग दिसत नाही.

कोपर ही सगळ्यात अवघड जागा. मागची कातडी जाड, सुरकुतलेली, सतत हलणारी, तिथं शाई बऱ्याचदा एका फेरीत नीट बसत नाही, टचअप, म्हणजे पुन्हा शाई भरणं, लागतो, आणि आतल्या खळगीत दुखतं पण खूप. त्यामुळे एक तर कोपराच्या नीट वर थांबा नाहीतर सरळ ओलांडून जा, बरोबर कोपरावर कड आणून ठेवू नका. आणि पुढं वाढवायचं मनात थोडं जरी असेल तरी खालची कड जाड पट्टा मारून बंद करू नका, शेडिंग विरत जाऊ द्या, पट्ट्याच्या खाली नवं काम जोडलं की जोड दिसतोच.

अजून एक, पंजा फिरवला की मनगटाकडची कातडी पण फिरते, सरळ रेघ तिरकी होते, म्हणून स्टेन्सिल, म्हणजे सुई लावायच्या आधी कातडीवर उमटवतात तो डिझाइनचा छाप, लावताना हात सैल सोडून उभं राहा, टेबलावर ठेवून नको.

लांबी वाढली की सिटिंग, म्हणजे आर्टिस्टकडच्या बैठका, वाढतात, आणि त्याच जागेवर पुन्हा सुई लावायच्या आधी दोन ते चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. वरची कातडी भरायलाच दोन-तीन आठवडे लागतात, तोवर पोहणं बंद, नदीत डुबकी बंद. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर स्नान करायचं असेल तर शेवटची सिटिंग त्याच्या बरीच आधी उरकून घ्या. रक्तदान करणाऱ्यांनी पण विचार करा, टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही आणि ते शेवटच्या सिटिंगपासून मोजायचं, म्हणजे वर्षभर रेंगाळलेली फुल स्लीव्ह तुम्हाला दोन वर्षं लांब ठेवते. नियमित देणाऱ्यांना मी हाफच सुचवतो, तीही लागोपाठच्या सिटिंगमध्ये संपवायची.