बंद असूनही गळणारा स्विच

ट्रान्झिस्टर म्हणजे शेवटी एक स्विच. खाली सिलिकॉनची वाट, वर गेट. गेटला व्होल्टेज दिलं की वाट उघडते, काढलं की बंद. 1959 साली बेल लॅब्समध्ये मोहम्मद अटाला आणि डावॉन कांग यांनी असा पहिला ट्रान्झिस्टर, म्हणजे मॉसफेट, बनवला. पुढची पन्नास वर्षं मूळ मांडणी तीच, सपाट. फक्त आकार घटत गेला.

आणि घटता घटता तो गळायला लागला. वाट इतकी आखूड झाली, की गेटपासून लांब, तळाकडच्या भागातून करंट गुपचूप निसटू लागला. स्विच बंद, तरी बॅटरी उतरतेच आहे!

बागेतली रबरी नळी वरून एका बोटानं दाबून बघा, पाणी येतच राहतं. मुठीत आवळली तर थांबतं. बर्कलीचे प्राध्यापक चेनमिंग हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस हाच मार्ग धरला. सिलिकॉनची वाट पातळ करून उभी केली आणि गेटनं ती तीन बाजूंनी धरली. हा फिनफेट. इंटेलनं 2012 मध्ये 22 नॅनोमीटरच्या प्रोसेसरमध्ये तो बाजारात आणला. तुम्ही हा व्हिडिओ फोनवर बघत असाल, तर आत बहुधा फिनफेटच आहेत.

आता चौथी बाजू. ती कशी मोकळी करतात, ते बघण्यासारखं आहे. सिलिकॉन, त्यावर सिलिकॉन-जर्मेनियम, पुन्हा सिलिकॉन, असे थर चढवत जातात. मग फक्त जर्मेनियमवाले थर रसायनानं खाऊन टाकायचे, सिलिकॉनला धक्का न लावता. उरतात दोन टोकांना धरलेल्या, मधे अधांतरी पट्ट्या, जाडी साधारण 5 नॅनोमीटर. त्यांच्या फटींमध्ये अणूंचा एकेक थर देत आधी करंट अडवणारं हॅफ्नियम ऑक्साइड, मग गेटचा धातू भरतात. गेट चारी बाजूंनी! सॅमसंगनं 2022 मध्ये ‘3 नॅनोमीटर’ म्हणून याचं उत्पादन सुरू केलं. हा आकडा मात्र आता निव्वळ मालाचं नाव आहे. गेटची लांबी मोजाल तर त्याहून कितीतरी जास्त भरेल.

तरीही एक अडचण कुठल्याच आकारानं सुटत नाही. खोलीच्या तापमानाला गळती दसपट कमी करायची, तर गेटला निदान 60 मिलिव्होल्ट मोजावेच लागतात. इलेक्ट्रॉनच्या अंगची उष्णताच तशी. म्हणून व्होल्टेज फार खाली आणता येत नाही, आणि विजेचा खर्च तर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो.

2008 साली सय्यीफ सलाहुद्दीन आणि सुप्रियो दत्ता यांनी सुचवलं, की गेटखाली फेरोइलेक्ट्रिक (व्होल्टेज काढलं तरी आतल्या विद्युतभारांची दिशा धरून ठेवणाऱ्या) पदार्थाचा थर द्यावा, म्हणजे व्होल्टेज आतल्या आत वाढून मिळेल. 2022 मध्ये सलाहुद्दीन यांच्या बर्कलीतल्या गटानं हॅफ्नियम आणि झिर्कोनियम ऑक्साइडचा जेमतेम 2 नॅनोमीटरचा असा थर दाखवला. 60 चा आकडा त्यानं मोडला नाही. गेटची पकड मात्र आणखी घट्ट झाली.