आधी चौकट बघा

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै महिना चालू आहे. मुंबईतल्या कितीतरी घरांत या घडीला खिडकीच्या कट्ट्यावर जुना टॉवेल अंथरलेला असेल आणि घरातलं कुणीतरी दर तासाला तो पिळून परत ठेवत असेल. ‘यंदा काही झालं तरी या खिडक्या बदलायच्याच,’ हे वाक्यही याच दिवसांत कानावर येतं. मग पाऊस ओसरतो, गणपती येतात, दिवाळी होते आणि विषय मागे पडतो. आठवण होते ती थेट मे महिन्याच्या शेवटी. तेव्हा ॲल्युमिनियमवाल्याकडे गर्दी असते, घाईघाईत माप घेतलं जातं, आणि जो दिवस रिकामा मिळेल त्या दिवशी खिडकी बसवली जाते.

इमारतींच्या दुरुस्तीची कामं मी बरीच वर्षं बघतोय. तुम्हाला कळकळीनं सांगतो, खिडकी बदलायची की नाही हे पावसात ठरवा आणि काम कोरड्या दिवसांत करा. ठरवताना काचेकडे किंवा झडपेकडे बघून ठरवू नका. चौकट काय म्हणते ते बघा. काच, रोलर, रबर, कडी, बिजागरी हे सगळं सुटं मिळतं आणि बदलताही येतं. चौकट गेली असेल तर मात्र डागडुजीवर पैसे घालण्यात अर्थ नसतो.

सांताक्रूझच्या वेधशाळेत जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला जातो. तो सरळ वरून पडत नाही, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. त्यामुळे एकाच घरातल्या सगळ्या खिडक्या सारख्या झिजत नाहीत. पश्चिमेची आणि दक्षिणेची खिडकी आधी थकते. पूर्वेची किंवा डक्टकडची, म्हणजे इमारतीच्या आतल्या मोकळ्या पोकळीकडे उघडणारी, पुढे कित्येक वर्षं चालते. ‘करायचंच आहे तर सगळ्या एकदम करू’ हा सल्ला कारागीर देतो, त्यात त्याची सोय असते. तुमची सोय कशात आहे ते तुम्ही बघा.

आता पाणी येतं कुठून, ते शोधूया. ओल दिसली की दोष खिडकीला दिला जातो. पण ओल खिडकीच्या वरच्या बाजूला, छताकडून उतरत असेल तर बहुतेक वेळा छज्जा आणि भिंत यांच्या सांध्यात चीर पडलेली असते. बाजूच्या भिंतीला पोपडे आले असतील तर चौकट आणि गिलावा यांच्यामधली फट तपासा. या दोन्ही दुखण्यांवर नवी खिडकी हे औषध नाही. कितीही महागातली बसवलीत तरी पुढच्या जूनमध्ये भिंत तशीच ओली दिसेल. म्हणून आत्ताच हातात पेन्सिल घ्या. ओल जिथपर्यंत आली आहे तिथे भिंतीवर रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डिसेंबरात कारागिराला हे दाखवायला तुमच्याकडे दुसरं काही नसेल.

पाणी खालच्या कट्ट्यावर साचत असेल, तर स्लायडिंग खिडकीच्या तळाचा ट्रॅक नीट बघा. त्यात काळसर चिखल असतो, कबुतरांची पिसं आणि काड्या असतात, कधी मागच्या रंगकामाचा वाळलेला रंग असतो. या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात. तिरप्या पावसाचं थोडं पाणी ट्रॅकमध्ये येणारच, हे धरूनच ती ठेवलेली असतात. भोकं बुजली की ट्रॅक काठोकाठ भरतो आणि पाणी घराच्या बाजूला सांडतं. जुना टूथब्रश, एक तार आणि तांब्याभर पाणी घ्या. पाणी बाहेर जायला लागलं तर तुमची खिडकी शाबूत आहे. पुष्कळदा ही भोकं पाडलेलीच नसतात, किंवा बसवणाऱ्यानं सिलिकॉन फिरवताना ती बुजवून टाकलेली असतात. तेही दुरुस्त होतं.

आता चौकटीकडे येऊ. गिरगाव, दादर, लालबाग इथल्या जुन्या घरांत सागवानी खिडक्या आहेत. पावसाळ्यात त्या फुगतात, झडप लागत नाही आणि आपण सुताराला बोलावून रंधा मारून घेतो. कृपा करून जुलैत रंधा मारू नका. लाकूड ओल धरून फुगलेलं असतं. हिवाळ्यात ते आकसलं की तिथे फट पडते आणि पुढच्या पावसात त्याच फटीतून पाणी येतं. फुगणं हा लाकडाचा स्वभाव आहे. रोग वेगळा असतो. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत पेचकसाचं टोक दाबून बघा. लाकूड टणक लागलं तर खिडकी बदलू नका. सांधे आवळून घ्या, फटींत लांबी म्हणजे पुट्टी भरा, रंग द्या. टोक सहज आत गेलं किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय. तरीही एकटा कोपरा गेला असेल तर चांगला सुतार तेवढाच तुकडा कापून नवा जोडतो. तसा जुना साग आज सहजासहजी मिळत नाही, त्याला चौकटीसकट भंगारात काढताना माझा जीव तुटतो.

लोखंडी खिडकीचं दुखणं जास्त गंभीर आहे. नंतरच्या काळात बांधलेल्या पुष्कळ सोसायट्यांत त्या आहेत. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. चौकटीच्या आत गंज वाढला की तो बाजूचा गिलावा ढकलतो, त्याला चिरा पडतात, चिरेतून पाणी शिरतं आणि गंज आणखी वाढतो. रंगाखाली फुगवटे आलेत, काचेला उगाचच कोपऱ्यातून तडा गेलाय, भिंतीत चौकटीच्या रेषेत चीर दिसतेय, ही तीन लक्षणं एकत्र असतील तर वाट बघू नका. नुसता वरवरचा गंज असेल तर मात्र तो खरवडून, रेड ऑक्साइडचा गंजरोधक हात आणि ऑइल पेंट देऊन खिडकी टिकते. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाजवळच्या आर्ट डेको इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. तिथे खिडकी हा इमारतीच्या चेहऱ्याचा भाग आहे. अशा घरात राहणाऱ्यांनी तरी दुरुस्तीचाच विचार आधी करावा.

ॲल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही, पण समुद्राची खारी हवा त्यालाही खाते. वर्सोवा, वरळी, कुलाबा या भागांत पट्टीवर पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे दिसतील. त्याहून लवकर जातात ते साध्या लोखंडाचे स्क्रू. नवीन काम देताना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू हवेत असं कागदावर लिहून घ्या. यूपीव्हीसीला, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या खिडकीला, गंजाची भीती नाही. मात्र मोठ्या झडपेत आतून स्टीलची पट्टी असावी लागते, आणि हलक्या प्रतीचं यूपीव्हीसी आपल्या उन्हात पिवळं पडतं.

एका खिडकीच्या बाबतीत ना ऋतू बघायचा ना बजेट. स्लायडिंगची झडप दोन्ही हातांनी धरून अलगद वर उचला, आतल्या बाजूला उभं राहून आणि खाली कुणी नाही याची खात्री करून. ती ट्रॅकमधून सुटू लागली किंवा झुलली, तर ती झडप वाऱ्यात केव्हाही निखळू शकते. वरच्या मजल्यावरून काचेसकट झडप खाली पडणं म्हणजे रस्त्यावरच्या कुणाच्या तरी जिवाशी गाठ. बिजागरी गंजून लटकणारी लोखंडी झडपही तशीच. आजच बंद करून बांधून ठेवा आणि उद्या माणूस बोलवा.

आवाजासाठी खिडकी बदलू इच्छिणाऱ्यांसाठी थोडं. रस्त्याचा आवाज काचेपेक्षा फटीतून जास्त येतो. आधी झडपेच्या कडेची रबराची आणि ब्रशसारखी केसाळ पट्टी बदलून बघा. तरी भागलं नाही तर स्लायडिंगऐवजी बिजागरीवर उघडणारी, रबरावर घट्ट दाबून बसणारी झडप आणि लॅमिनेटेड काच, म्हणजे मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असलेली दुहेरी काच, घ्या. उघडी ठेवलेली खिडकी मात्र कितीही भारी असली तरी आवाज अडवणार नाही.

इमारतीचाही विचार करावा लागतो. पुनर्विकासाचं बोलणं पक्कं झालं असेल तर नव्या खिडकीवर मोठा खर्च करू नका, आहे ती सुरक्षित करा. सोसायटी बाहेरून दुरुस्ती काढणार असेल तर सेक्रेटरींना विचारून परांची कधी बांधणार ते समजून घ्या. परांची उभी असताना खिडकीचा बाहेरचा सांधा जितका नीट भरता येतो तितका एरवी दोरीवर लटकलेल्या माणसाकडून भरला जात नाही. सोसायटीची परवानगी आणि रंगाचा नियम हेही तेव्हाच निस्तरतं. ग्रील नवीन करणार असाल तर त्यात आतून उघडणारी एक मोठी चौकोनी झडप ठेवा. आगीच्या वेळी दार अडलं तर बाहेर पडायला तीच जागा उरते. तिची किल्ली शेजारीच, घरातल्या सगळ्यांच्या माहितीतल्या खिळ्यावर असू द्या.

कामाचा महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. तोवर भिंत आतून वाळलेली असते, आणि सिलिकॉन कोरड्या पृष्ठभागावरच पकड घेतं. ओल्या भिंतीवर लावलेलं सिलिकॉन पट्टीसारखं सोलून निघतं.

खिडकी बसली की शेवटचा हप्ता लगेच देऊ नका. बाहेरून पाइपनं पाणी मारायला लावा, खालून सुरुवात करून हळूहळू वर, प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटं थांबत. तुम्ही आत कोरडा कागद घेऊन कोपऱ्यांपाशी उभे राहा. ट्रॅकची भोकं कुठे आहेत ती कारागिराला बोटानं दाखवायला सांगा, त्यांतून पाणी बाहेर गळताना बघा आणि मगच पैसे द्या.

नमस्कार.