आधी फडकं, मग मशीन

(पुण्यातल्या एका सोसायटीच्या सभागृहात रविवारी सकाळी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. पत्रकावर विषय छापलाय, ‘घरच्या घरी गाडीला मशीन पॉलिश: सुरुवात कशी करावी’. मशीन मी आणलंय, ते तिथे टेबलाखाली आहे. पण आधी मला फडक्याविषयी बोलायचंय. दहा मिनिटं फार तर.

पिंपरी-चिंचवडकडच्या एका कारखान्यात मी २९ वर्षं पेंटशॉपला काढली. तिथे आत जायचं तर डोक्यावर टोपी, अंगात धागा न सुटणारा झगा आणि वर हवेचे झोत. रंगात धुळीचा एक कण अडकला तरी तेवढी जागा घासून परत करायची. एवढी जपलेली गाडी तुम्ही पाडव्याला घरी आणता, पेढे वाटता आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तिच्यावरून जे फडकं फिरतं, ते आधी बावीस गाड्यांवरून फिरून आलेलं असतं. बावीस हा आकडा हवेतला नाही, मी मोजलेत. त्याची गोष्ट पुढे येतेच.

आधी एवढंच लक्षात घ्या. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला ३५ ते ५०. डोक्यावरचा एक केस, ज्यांना आहे त्यांचा, ७०च्या आसपास भरतो. म्हणजे जी चमक बघून तुम्ही काळा रंग निवडलात, ती केसाहून पातळ थरात आहे. त्यावर आपण रोज सकाळी मेट्रोच्या कामाची धूळ, क्रश सँडची भुकटी आणि ओलं कापड घेऊन पॉलिश पेपर मारतो. शिवाय पगार देऊन.

उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवर सूर्याभोवती कोळ्याचं जाळं दिसतं ना, तेच हे. लोक म्हणतात, पुसणारा गोल-गोल हात फिरवतो म्हणून गोल ओरखडे. तसं नाही. ओरखडे सगळ्या दिशांना असतात. त्यातले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. घरी जाऊन काथ्याने घासलेलं स्टीलचं पातेलं बल्बखाली धरा. बल्ब सरकवा, वर्तुळंही सरकतील. तेव्हा ‘मामा, सरळ हाताने पुसा’ असं सांगून काही होत नाही. मीही ते वर्षभर सांगत होते.

तर मामा. आमच्या सोसायटीत गाड्या पुसणाऱ्यांना सगळे मामाच म्हणतात. एक बादली, एक फडकं. एकदा पहाटे मी त्यांच्या मागे मागे फिरले. आमची गाडी तेविसावी. मी म्हटलं, मामा, फडकं द्या जरा. पांढऱ्या टबात चार पाण्यांनी खळबळून काढलं आणि पाणी निवळू दिलं. तळाशी जे बसलं त्यावर रांगोळी काढता आली असती. मामांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, “ताई, एवढं सगळं गाडीवरनंच निघालंय. म्हणजे काम चांगलं झालंय की.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

मग मी त्यांना सहा मायक्रोफायबरची कापडं दिली. त्यांनी ती घरी नेली, मुलीच्या दप्तराला नि फ्रिजला उपयोगी पडली. शेवटी मी म्हटलं, मामा, आमची गाडी पुसूच नका, पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतील. दोन महिन्यांनी बघते तर बॉनेट रोज लख्ख! विचारलं, तर मान खाली. “ताई, काम न करता पैसे घ्यायला बरं वाटत नाही. तुम्ही उठायच्या आत हळूच पुसतो.” (हशा) हसा. पण पॉलिशच्या दुकानदाराचा धंदा या प्रामाणिकपणावर चाललाय.

आता आम्ही तडजोड केलीय. मामा काचा आणि चाकं पुसतात, पत्र्याला हात लावत नाहीत. धूळ बसली तर बसू दे. नुसत्या बसलेल्या धुळीने ओरखडा पडत नाही, ती ओढली की पडतो. म्हणून धुळीवर कव्हरही घालू नका, वाऱ्याने ते दिवसभर घासत राहतं. आणि दसरा! ग्रिलला झेंडूची माळ तारेने बांधून तुम्ही सीमोल्लंघनाला थेट लोणावळ्याला निघता, ती तार नव्वदच्या वेगात बॉनेटवर काय लिहीत जाते ते बघा कधीतरी. माळ दोऱ्याने बांधा आणि निघण्याआधी काढा. धुळीवरच बोटाने स्वस्तिक रेखू नका, आधी तेवढी जागा धुवा. हळदीच्या डागाची मात्र काळजी नको, तो उन्हाने आपोआप उडतो. माझ्या सासूबाईंशी या विषयावर झालेली चर्चा मी इथे सांगणार नाही.

चिठ्ठी आली. “बारा मिनिटे. मशीन?” बरं.

भराभर सांगते, लिहून घ्या. पॉलिशने ओरखडा भरत नाही. आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत खाली येतो. रस्त्यातला खड्डा बुजवण्याऐवजी अख्खा रस्ता खड्ड्याइतका उतरवायचा. (महापालिकेने हे ऐकू नये.) म्हणून नख अडकतं तो ओरखडा सोडून द्या, तिथे पॉलिश करत बसलात तर आतला रंग उघडा पडेल.

मशीन दोन जातींची. रोटरी एकाच अक्षावर फिरतं, झटपट कापतं, कडेला पत्रा तापवतं आणि नवख्या हातात रंग जाळतं. एका वर्कशॉपने आमच्या गाडीला भेट म्हणून जे ‘रबिंग-पॉलिश’ मारून दिलं, ते याच मशीनने. उन्हात बॉनेटवर साडीच्या जरीसारखे पट्टे दिसायला लागले. तुम्ही ड्युअल अ‍ॅक्शन घ्या. त्यात पॅड फिरतंही आणि डगमगतंही. जास्त दाबलंत तर फिरायचं थांबतं, तेच तुमचं संरक्षण. आठ किंवा पंधरा मिलिमीटर थ्रो, म्हणजे पॅड डगमगतं तो घेर, आणि पाच इंची पॅड, सुरुवातीला एवढं पुरे.

आधी गाडी सावलीत, पत्रा हाताला गार. दोन बादल्या, एक शाम्पूची, एक हातमोजा खळबळायची. बोअरचं पाणी अंगावर सुकू देऊ नका, चुन्याचे ठिपके बसतात. मग क्ले, म्हणजे धुऊनही न निघणारे चिकट कण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा, तो भरपूर ओलाव्यावर, जोर न लावता फिरवायचा. क्ले जमिनीवर पडला की टाकून द्यायचा, रडायचं नाही. कडा, रबर आणि काळं प्लास्टिक यांना टेप. कडेला रंग सगळ्यात पातळ असतो.

मग दीड-दोन फुटांचा एकच चौकोन. मऊ फोम पॅड आणि सौम्य पॉलिशपासून सुरुवात. तुरीच्या दाण्याएवढे चार थेंब, आधी पॅड टेकवायचं आणि मग बटण, नाहीतर पॉलिश भिंतीवर. मशीनवरचा वेगाचा आकडा चार-पाचवर, हात मात्र सावकाश, सेकंदाला इंचभर. आडवं, मग उभं, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवून. चार फेऱ्या झाल्या की पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघायचं, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे लपवतं आणि आपल्याला उगाच शाबासकी देतं. एवढ्याने भागलं तर तसंच पुढे जा. नाही भागलं तरच कडक पॅड. पॅडवर गाडीचा रंग उतरला तर लगेच थांबा! एक तर वर क्लिअर कोट नाही, नाहीतर होता तो गेला.

संरक्षण. कारनौबा मेण, ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं; दिसतं सुंदर, पण आपल्या एप्रिलात आठवड्यांचा पाहुणा. सिंथेटिक सीलंट काही महिने टिकतं, नवख्याने तेच लावावं. सिरॅमिक कोटिंगच्या बाटलीवर ‘नाइन एच’ लिहिलेलं असतं, ते पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे, हिऱ्या-माणकांचं नव्हे. ते लावलं म्हणून मामांना पुन्हा बोलावू नका. पक्ष्याची विष्ठा कशावरही असो, त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून उचलायची.

वेळ संपली म्हणतात. मागे हात वर आहे, विचारा. टूथपेस्ट? तिच्यातही घासणारी पूड असते, त्यामुळे थोडंफार उजळतं खरं. पण ती दातांच्या हिशेबाने केलेली असते, गाडीच्या नाही. आणि काळ्या बंपरला खोबरेल? लावा, पण मग त्यावर जी धूळ चिकटेल ती मामांना पुसायला देऊ नका. मशीन खाली पार्किंगमध्ये नेतेय, एक्स्टेन्शन बोर्ड कोणाकडे आहे? आणि बॉनेट हवं एक. काळं असेल तर उत्तम.